नरसय्या, ते बेट आणि माझी शपथ

नरसय्या त्या बेटावर गेला नाही, कारण मी त्याला जाऊ दिलं नाही.

आज त्याला वारून एक वर्ष झालं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरात काही बोललं की म्हणतात, तुम्ही उगाच काळजी करता. म्हणून इथं लिहितोय. सातवीपर्यंत शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापुरात एकाच शेडमध्ये आम्ही दोघं तीस वर्षं चादरीच्या मागावर होतो. त्याचा माग माझ्या शेजारी. घरात तेलुगू बोलायचा, माझ्याशी मराठी, आणि मागाला नुसत्या शिव्या.

त्याची लेक पद्मजा ऑस्ट्रेलियात असते. ब्रिस्बेनजवळ, समुद्राकाठच्या एका उपनगरात. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला तीन महिन्यांसाठी तिकडं नेलं.

रोज सकाळी साडेसहाला माझा फोन वाजायचा. तिकडं तेव्हा अकरा वाजलेले असायचे.

"गणपत, उठला का? चल, आज काय दाखवतो बघ."

तो फोन हातात धरून चालायचा. मी खाटेवर बसून त्याच्याबरोबर फिरायचो.

पहिल्यांदा दाखवला तो चिखलावर बांधलेला लाकडी पूल. खाली खारफुटीची मुळं, चिखलातून वर आलेली, उलटे खिळे ठोकल्यासारखी.

"मुळं वर कशाला आली रे?"

"श्वास घ्यायला, म्हणं. पद्मजा सांगती."

"झाडाला दम लागतो व्हय?"

"तुला बसून लागतो, त्याला का लागू नये?"

मग चोचीखाली पिशवी असलेला एक पांढरा पक्षी. मासे साफ करणाऱ्या माणसापाशी हा पक्षी गिऱ्हाइकासारखा उभा.

मग रस्त्याकडेची आंब्याची झाडं. खाली आंबे पडलेले, कुणी उचलत नाही. पद्मजा म्हणायची, इथली हवा सबट्रॉपिकल. म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही. नरसय्या म्हणाला, घाम आपल्यासारखाच येतो, फक्त वाळत नाही.

एक दिवस बागेतला तवा दाखवला. बटण दाबलं की तापतो. फुकट. कुणीही यावं, भाजावं, पुसून जावं. गड्यानं इथून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी टाकली त्यावर!

मी म्हणालो, "आधी कुणी काय भाजलं असंल त्याच्यावर?"

"पुसला की! तू काय हितं जेवायला येणारायस?"

दुसऱ्या आठवड्यात फोन आला तो घाबरूनच.

"गणपत, पाणी गेलं!"

"कुटं गेलं?"

"काल हितं होतं. आज नुसता चिखल. होड्या आडव्या पडल्यात."

आम्हाला माहीत काय, तर नळाचं पाणी. त्यानं लेकीला विचारलं, "आता किती दिवसाआड येतं?"

पद्मजा हसून हसून बाकावर बसली. मग तिनं काठावर लावलेला तक्ता दाखवला. खरंच टाइमटेबल! भरती कधी, ओहोटी कधी, मिनिटासकट.

"आणि टाइमवर येतं गणपत, टाइमवर!"

त्या ओहोटीतच त्याला ते बेट सापडलं.

पाणी हटलं की समोरच्या छोट्या बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडायची. लोक चालत जायचे, कुत्री घेऊन जायचे, भरतीच्या आत परत यायचे.

"तितं काय असंल रे?"

मलाही बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण पाणी आधीच आलं तर? वाळूत पाय रुतला तर? त्याचे गुडघे, त्याची शुगर.

म्हणालो, "माझ्या गळ्याची शप्पथ हाय. जायचं न्हाय."

मग म्हणाला, "हे काय रे. सुटली म्हण."

आमच्यात शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं. त्याशिवाय ती सुटत नाही. मी म्हटलं नाही.

रोज विचारायचा.

"आज दोनपर्यंत पाणी न्हाय. तक्त्यावर लिवलंय. सुटली म्हण की."

"लिवल्यावर विश्वास ठेवतो व्हय? लिवलेलं तर आपल्या गल्लीत पण रोज पाणी येतं म्हणून हाय!"

विमानाच्या आदल्या दिवशी तो वाटेच्या तोंडाशी उभा होता. एक म्हातारी काठी टेकत बेटावर गेली आणि परत आली. मी फोनवर बघितली तिला.

"बघ, आली की नाही ती?"

मी नकाराची मान हलवली.

नरसय्यानं चपला काढून हातात घेतल्या होत्या. त्या त्यानं पुन्हा पायात घातल्या.

परत आल्यावर एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "पुढच्या टायमाला बघू."

पुढची वेळ आली नाही. पाण्यापासून मी त्याला जपलं आणि तो घरात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

आज सकाळी पद्मजाचा फोन आला. वडिलांना ती नाना म्हणते.

"काका, वाट उघडी आहे. नानांसाठी जाऊन यावं म्हणते. जाऊ का?"

शपथ तिलाही ठाऊक होती. म्हणून तर विचारत होती.

मी विचारलं, भरती किती वाजता? एकटीच आहेस? पायात काय घातलंय? तिनं सगळ्याची उत्तरं दिली.

मग म्हणालो, "सुटली. जा पोरी. फोन चालू ठेव."

ती चालली. ओली वाळू, शिंपले, खेकड्यांची बिळं. वारा इतका की तिचं बोलणं ऐकू येईना. मी तिची पावलं बघत होतो.

दहा मिनिटांत तिनं बेटाला वळसा घातला.

नरसय्या, तिथं विशेष काही नाही. खारफुटी आहे, वाळू आहे, आणि पलीकडं अजून पाणी.

पण हे तू बघून मला सांगायचं होतंस. मी तुला नाही.

चुकलं माझं. नमस्कार घे, गड्या.