सोलापुरात सात तुकड्यांचा एक शब्द

पुण्याहून सकाळी निघाले. जेऊर गेल्यावर डुलकी लागली आणि जाग आली ती थेट होटगीला. खिडकीतूनच फलाटावर बसलेल्या एका बाईंना विचारलं, "सोलापूर कधी येईल?"

"ते मागं ऱ्हायलं की," त्या म्हणाल्या. मी घाईने उतरले, तर स्वतः स्टेशनबाहेर येऊन मला वडापमध्ये (माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये) बसवून गेल्या.

भर दुपारी सात रस्ता चौकाजवळ रेहानाचं घर सापडलं. रेहाना इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि दोन वर्षं ऑनलाइन माझ्याकडे फ्रेंच शिकते. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं एक रुग्णालय त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तिची ऑनलाइन मुलाखत घेणार होतं. पहिल्या वेळी उतारा वाचताना लांब शब्दांवर अडखळल्यामुळे ती नापास झाली होती. ही शेवटची संधी होती.

मी वही काढली, तशी तिची अम्मी म्हणाली, "पैले खा लेव, बाद में पढाव." कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही. बोलणं थांबवणारं जेवण.

मग सराव. 'देझँफेक्स्यों' (निर्जंतुकीकरण) हा शब्द आला की रेहाना 'देझ्' म्हणून थांबायची आणि मग 'अँफेक्स्यों' म्हणायची. 'देझ्' म्हणजे काढून टाकणं, पुढचा भाग म्हणजे संसर्ग. अर्थाने तिचं बरोबरच होतं. पण फ्रेंच जीभ दे-झँ-फेक्-स्यों असं तोडते. मी नियम तीनदा समजावला. काही उपयोग झाला नाही.

तिने वही स्वतःकडे ओढली. "मॅडम, हे आपल्या 'अनावश्यक'सारखं हाय की. शाळेत फोड करताना 'अन्' वेगळा काढायचो. बोलताना मात्र अ-ना-वश्यक. 'अन्' म्हणून कोण थांबतं?"

वीस वर्षं शिकवते आहे, पण हे मला सुचलं नव्हतं. त्यानंतर ती त्या शब्दावर एकदाही थांबली नाही.

सातला तिने खोलीचं दार लोटून घेतलं. स्वयंपाकघरात अम्मी आणि मी ऐकत होतो. वाचन छान चाललं होतं आणि मधेच आवाज थांबला. अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मला पुढचा शब्द माहीत नव्हता, मदतही करता येत नव्हती. मग आतून सावकाश ऐकू आलं, "रे-ऑस्-पि-ता-ली-झा-स्यों." रुग्णाला पुन्हा दाखल करून घेणं. हा शब्द आम्ही कधीच केला नव्हता. लगेच तिने तोच शब्द एका दमात म्हटला आणि ती पुढे वाचत गेली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत तिचा फोन आला.

"मॅडम, निवड झाली." मग म्हणाली, "तिकडं लई बर्फ असतो म्हणे. त्यात चालायचं कसं?"

मी कधी बर्फात पाऊल टाकलेलं नाही. "येईल तुला," एवढंच म्हणाले, आणि ते नुसतं धीर देण्यासाठी म्हटलं नव्हतं.