परातीतली ओहोटी

काळाचौकीला आमच्या गॅलरीला लागूनच त्यांची गॅलरी होती. नाव कधी विचारलं नाही. सगळे त्यांना चिखलवाल्या बाई म्हणत. त्या कॉलेजात शिकवायच्या आणि शीवच्या खाडीतून डबाभर चिखल आणून गॅलरीत परातीत ठेवायच्या. त्यात डायटम असतात म्हणे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, काचेच्या कवचाची शेवाळं. एखादं होडीसारखं, एखादं सुईसारखं. ओहोटीला ती उन्हात वर येतात आणि भरतीआधी पुन्हा चिखलात शिरतात.

"परातीत कसली आलीय ओहोटी?" मी तोंडावर विचारलं.

"बघा एकदा," त्या म्हणाल्या.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाऊन गिरणगाव धुमसत होतं. संचारबंदीच्या दुपारी बाई परातीशी बसल्या होत्या. शेवाळं वर येत गेली तसा काळा चिखल हळूहळू सोनेरी झाला. खालून शिपाई ओरडला, "ओ बाई, आत व्हा!"

त्यांनी मानही वर केली नाही. "भरतीची वेळ झाली की ही खाली जातील. मग मी आत जाईन."

आमच्या चाळींतून समुद्र दिसतही नाही. तरी काही वेळाने परातीतलं सोनं विरलं, चिखल पुन्हा काळा झाला. तेव्हा कुठे बाई उठल्या.

शिपाई तोवर ओरडायचा थांबून भरतीचीच वाट बघत उभा होता.