डाव्या चपलेखाली

मानपाड्याच्या पार्कात रविवारी आम्ही फुटबॉल खेळतो. दोन चपला ठेवल्या की गोल तयार. गोलकीपर कायम काकाच. त्यांचं नाव कुणी विचारलंच नाही. बॉल अडवला की ओरडतात, "काका घरी आहेत रे!"

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "डाव्या चपलेखाली गोळी ठेवलीय. पडलो तर जिभेखाली सरकव. पोरांना बोलू नको, खेळू देणार नाहीत."

तेव्हापासून माझं लक्ष बॉलवर नसतंच, त्या चपलेवर असतं.

परवा जोरात किक बसली आणि ती चप्पलच उडाली. सगळे गोलवरून भांडायला लागले. मी गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होतो. काका माझ्याशेजारी खाली बसले. चेहरा पांढरा, हात छातीवर.

"गोळी मरू दे रे," ते म्हणाले, "बॉल चपलेच्या आतून गेला की बाहेरून?"