ठिपक्याचा संशय

पीएचडी करताना मी हर्सूलला वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. घरमालक जेलमधून निवृत्त झालेले शिपाई. माझी भाजीची पिशवीसुद्धा ते नजरेनंच उलटीपालटी करायचे.

उपग्रहानं टिपलेल्या आकाशाच्या चित्रांत काही ठिपके असतात. तिथून क्ष-किरण येतात, पण तिथं नेमकं काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं. अशाच एका ठिपक्याच्या मागं मी लागले होते. माझाही त्याच्यावर भरवसा नव्हता. अगदी शेजारी एक ठळक तारा होता, आणि ताऱ्याचा साधा प्रकाश यंत्रात शिरून कधीकधी असा खोटा ठिपका उमटतो. माझे मार्गदर्शक रोज विचारायचे, "फसवत तर नाही ना तो तारा?"

एका सकाळी घरमालक काका जिन्यात आडवे आले.

"एक्स-रेचं काम करतीस म्हणं तू?"

"हो, पण आकाशातल्या."

"सून पोटुशी हाय माझी. डॉक्टरीणबाई तिला एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकू देत नाय. अन् तू डोक्यावर राहतीस."

"काका, ते किरण हवेतच अडतात. जमिनीवर पोचतच नाहीत."

"पोचत नाय, तर तुला कसे दिसतात?"

खोली सोडायची वेळ येते की काय, या धास्तीनं मी त्यांना रिक्षात घालून विद्यापीठात, आमच्या विभागात नेलं. ते टेबलाखाली वाकले, कपाट उघडायला लावलं. आत किटली आणि जुने प्रबंध.

"मशीन कुठंय?"

"वर, उपग्रहात."

मी पडद्यावर ठिपका दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"हे खरं कशावरून?"

"तेच तर शोधतेय," मी बोलून गेले, आणि त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

खोली राहिली. पण त्याच आठवड्यात काकांनी सुनेला सिल्लोडला माहेरी धाडलं. जाताना वहिनी माझ्याकडं न बघता रिक्षात बसली. मला राग आला, आणि वाईटही वाटलं.

पुढं ठिपक्याचे किरण ऊर्जेनुसार वेगळे केले, तेव्हा बरेचसे फार जास्त ऊर्जेचे निघाले. ताऱ्याच्या प्रकाशाची गळती असती, तर ते तसे नसते. मग मोठ्या दुर्बिणीतून त्या ठळक ताऱ्याच्या आडोशाला ताऱ्यांची एक फिकट जोडी सापडली. आक्रसून गेलेला एक म्हातारा तारा सोबत्याचा वायू ओढून घेत होता, आणि तापलेल्या त्या वायूतून क्ष-किरण निघत होते. मी आनंदानं मार्गदर्शकांच्या खोलीत धावले. त्यांनी मसुदा वाचला आणि पहिल्याच वाक्यात 'बहुधा' घातलं.

वहिनीला मुलगी झाली. काका स्वतः बर्फी घेऊन वर आले. डबा उंबऱ्यावरूनच दिला. नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर.

"बाळ कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं हाय. देवाची कृपा."

वहिनी परतली तेव्हा पाळणा पुढच्या खोलीत टांगलेला होता. माझ्या खोलीखालची तिची जुनी खोली काकांनी मक्याच्या पोत्यांना दिली होती.