काळी चारची बोटं

माझ्या उजव्या हाताची बोटं माझं ऐकत नाहीत, गाण्याचं ऐकतात. परवा बँकेत रांगेत उभी असताना कुणाच्या तरी मोबाइलवर अभंग वाजला आणि माझी बोटं पासबुकावर धावायला लागली. काउंटरवरच्या मुलीनं वैतागून विचारलं, "काकी, घाई आहे का?" आता तिला काय सांगणार!

तीस वर्षं मी आमच्या आळीतल्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवतेय. गाणार माझ्या थोरल्या जाऊबाई, वाजवणार मी. पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा, म्हणून माझा प्रत्येक अभंग काळी चारमध्येच बसलेला. एरवी घरात आमचं आमटीतल्या गुळावरसुद्धा एकमत होत नाही. पेटी उघडली की मात्र त्या श्वास घेतात तिथं माझा भाता थांबतो.

माझ्या नणंदेची मुलगी रुग्णांना व्यायाम शिकवते. बँकेतला किस्सा ऐकून ती म्हणाली, "मामी, वर्षानुवर्षं वाजवलं की मेंदूतला ऐकण्याचा भाग आणि हात हलवण्याचा भाग एकमेकांशी जोडले जातात. मग नुसतं ऐकलं तरी हात चाळवतो. उलटही होतं. नुसती बोटं हलवली तरी डोक्यात सूर वाजतो." मी पोळपाटावर बोटं फिरवून पाहिली. खरंच वाजला. पोळ्या राहिल्या बाजूला.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज उतरला. बऱ्या झाल्यावर पहिल्याच एकादशीला त्यांनी नेहमीचा अभंग धरला आणि कडव्यातल्या वरच्या सुराला आवाज फाटला. त्यांनी तोंड मिटलं आणि चहाचं बघते म्हणून आत गेल्या. त्यानंतर त्या भजनाला यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, पण टाळसुद्धा हातात घेत नसत. बाकीच्या बायका गात होत्या, मी वाजवत होते, आणि मला त्यात काडीचा रस नव्हता. या बाईचं गाणं असंच संपणार, ही भीती मला आतून खात होती.

"वहिनी, एक पट्टी खाली घेऊ. काळी तीन," मी म्हटलं.

"नको गो. माझ्या एकटीसाठी सगळ्यांनी कशाला उतरायचं?"

खरं म्हणजे मलाही ते जमत नव्हतं. काळी तीन दिसायला शेजारीच, पण सा तिथं नेला की पुढची सगळी मांडणी बदलते आणि माझी बोटं जुन्या घरी जातात. मग लांज्याकडच्या एका बुवांची पेटी मागून आणली. तिच्या पट्ट्या सगळ्या एकदम बाजूला सरकवता येतात. बोटं काळी चारवर ठेवायची, आवाज काळी तीनचा येतो. आता जिंकलेच, म्हणून बसले आणि दुसऱ्याच ओळीत अडखळले. बोट बरोबर पडत होतं, पण जुन्या सुराला सरावलेला कान म्हणे चूक, आणि कानाचं ऐकून बोट सरकलं की खरोखरच चूक! एवढी चीड आली की पेटी तिसऱ्या दिवशी परत केली.

मग उरलं ते एकच, पहिल्यापासून शिकणं. रोज दुपारी माजघरात माझीच पेटी घेऊन बसायचं आणि पोरीबाळींसारखं एकेक ओळ काळी तीनमध्ये घोटायची. ओळी बसल्या, पण कडव्यातल्या वरच्या सुराला बोट हटकून जुन्या पट्टीवर जायचं. दोन महिने झाले तरी तेच.

चैत्रातली दुपार होती. जाऊबाई स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून ओले काजू सोलत होत्या. मी चुकले, पुन्हा सुरू केलं आणि सहज वर बघितलं. त्या ताट पुढे ओढायला जराशा वळल्या होत्या. ओठ मिटलेले, पण गळा हलत होता. मी वर गेले की वर, खाली आले की खाली. नाही म्हणणारं तोंड होतं, गळ्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मला भरून आलं. बोलले असते तर त्या उठून गेल्या असत्या, म्हणून मी वाजवतच राहिले.

कडवं आलं. बोट पुन्हा जुन्या पट्टीवर पडलं. मी हात उचलला आणि तसाच धरून बसले.

स्वयंपाकघरातून सूर आला. थोडा खरखरीत, पण काळी तीनमधला, अगदी नेमका. "इथं गो," जाऊबाई म्हणाल्या, "किती दिवस चुकतेस? ऐकवत नाही मला." आणि काजूच्या चिकानं भरलेला हात तसाच वर धरून त्यांनी तो सूर पुन्हा लावला. माझं बोट आपोआप त्या पट्टीवर गेलं.

तिथं ते आता चुकत नाही. भाता बंद असला, तरी त्या पट्टीवर बोट ठेवलं की मला त्यांचा हा नवा आवाज ऐकू येतो.