वाडीचा दोर

पावस गावाच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत देवळाला लागून एक पडवी होती, आणि त्या पडवीत अख्ख्या वाडीची अवजारं असत. पहार, घण, दोघांनी ओढायची करवत, लांब शिडी, लाकडी कप्पी आणि मनगटाएवढा जाड काथ्याचा दोर. यातलं काहीच कुणा एकाचं नव्हतं. ज्याला घरचं काम काढायचं असेल त्याने देवापुढे नारळ ठेवायचा, "नेतो रे बाबा" म्हणायचं आणि वस्तू खांद्यावर टाकून चालू लागायचं. कुलूप नाही की विचारणारा नाही. काम होईपर्यंत खुशाल ठेवा, पण परत आणाल तेव्हा वस्तू नेली होती त्याहून वाईट दिसता कामा नये. पहारीला टोक काढून आणायचं, करवतीला तेल लावून. मोडकंतोडकं देवाच्या दारात ठेवणं म्हणजे घराण्याची नाचक्की.

लग्न होऊन आले तेव्हा मला या रीतीचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे त्याच रीतीने माझ्या नवऱ्याचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला, तेव्हा ते कौतुक गेलं.

माझं माहेर बुरोंडीचं. वडील मासेमारीच्या मचव्यावर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. आमच्या घरी दोर म्हणजे खेळ नव्हता. दोर कुठे झिजला, एखादा पेड तुटला, की वडील त्या जागी तांबडी चिंधी बांधत, म्हणजे अंधारात हाताला लागली तरी खलाशाला कळावं. फाटकं झाकायचं नाही, दाखवायचं, हे मी जेवणाबरोबर शिकले होते. सासरी सगळं उलटं. इथे झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात भात नसला तरी चूल पेटवून धूर काढतील, शेजाऱ्याला कळू देणार नाहीत.

ही एकोणीसशे तीसच्या पुढेमागे कधीतरीची गोष्ट. मी आणि माझी मोठी जाऊ, दोघींचे नवरे मुंबईला गिरणीत. पाणी आणायचं ते शेजारच्या काकीच्या विहिरीवरून. विहिरीला तिकडे बाव म्हणतात. काकी म्हणजे नवऱ्याची चुलत काकी, मागेपुढे कोणी नसलेली. नारळाची सोडणं खाडीत कुजवून त्यांचा काथ्या काढायचा आणि दोर वळून विकायचे, यावर तिचं चाले. हात सोन्याचा, जीभ कोयत्याची. कळशी भरेपर्यंत ती पायरीवर बसून आमचा उद्धार करायची. "पाणी सांडू नको गो, तुज्या बापसाची बाव नाय ती," हे तर रोजचंच. उत्तर माझ्या ओठांवर यायचं, पण कळशी रिकामी असताना कुणाचं तोंड चालतं? गिळायचं आणि घरी येऊन भांडी आपटायची.

शेवटी एका उन्हाळ्यात नवरा रजा काढून आला तो परसात बाव खणायची असं ठरवूनच. पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट रत्नागिरी बंदरातून सुटायच्या आत पाणी लागायला हवं होतं. ती बोट चुकली तर गिरणीतली जागा गेली. आणि पाणी न लागता तो परत गेला, तर परसात एक खड्डा आणि पुढचं वर्षभर काकीची जीभ.

त्याने देवापुढे नारळ ठेवून पहार, कप्पी आणि दोर आणला. तो खाली जांभा फोडायचा, पाटी भरायचा, आणि मी नि जाऊ वरून ओढायचो. चढण्याउतरण्यासाठी त्याने भिंतीत पाय ठेवायला खोबण्या केल्या होत्या. खड्डा दोन पुरुष खोल गेला, त्याच्याही खाली गेला, तरी तळ कोरडा ठणठणीत. खड्डा खोल जाईल तसा आडव्या वाशाला गुंडाळून ठेवलेला दोर आम्ही सोडत होतो. एका सकाळी अगदी आतला वेढा सोडला. तो पहिल्यांदाच उजेडात येत होता.

भरलेली पाटी अर्ध्यावर आली आणि कप्पी अडली. वर पाहिलं तर दोराचा एक भाग बाकीच्याहून जाड होता. त्यावर नवा, पिवळाधमक काथ्या इतका सुबक गुंडाळलेला, की एखाद्याला दागिनाच वाटावा. रिकामी पाटी सोडताना निसटून गेलेला तो जाडपणा आता कप्पीत घुसत नव्हता. आम्ही हिसका दिला, तसा वरचा काथ्या उलगडायला लागला आणि आतला दोर दिसला. काळा पडलेला, एक पेड पार तुटलेला, दुसरा कुजत आलेला.

दोर वर ओढावा तर कप्पीवर कातरला जाणार. सोडावा तर कुजकी जागा हिसक्यासरशी तुटणार. खाली माझा नवरा, आणि त्याच्या डोक्यावर जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेली पाटी.

"अवो," मी हाक मारली. आवाज चढवला नाही, चढवायची भीती वाटली. "पहार ठेवा आणि भिंतीला धरून वर या. दोराला हात लावू नका."

"का गो? काय झालं?"

"वर या म्हणते ना!"

त्याने वर पाहिलं आणि समजला. जाऊ माझ्यामागे पुटपुटत होती, देवाला काय काय कबूल करत होती कोण जाणे. मी तिला म्हटलं, "वहिनी, देवाला मागाहून. आधी दोर." आमचा हात जरा इकडचा तिकडे झाला तरी पाटी हलायची, आणि पाटी हलली की वरचा एखादा तंतू तट्कन तुटायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नवरा भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून वर सरकत होता. पाटीच्या बाजूने जाताना तिची कड त्याच्या खांद्याला लागली, पाटीने गिरकी घेतली, आणि माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा त्याची बोटं काठावर होती. जाऊने एका हाताने त्याचं मनगट धरलं, तो काठावर पालथा पडला, आणि दोर तुटला.

पाटी खाली आदळली त्याने पायाखालची जमीन हादरली. जिथे तो बसून पहार चालवत होता तिथे पाटीच्या काटक्या झाल्या होत्या.

त्याने प्यायला पाणी मागितलं. मी कळशी उचलली आणि ते पाणी काकीच्या बावीचं आहे हे आठवून अंगाची लाहीलाही झाली. सगळी कळशी मी केळीच्या मुळात ओतली. वाडीत इतका सुबक काथ्या गुंडाळणारा हात एकच होता.

तुटका तुकडा घेऊन मी तिच्या पायरीसमोर उभी राहिले. "काकी, हे तुमचं काम?"

तिने तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला. चेहरा उतरला, पण जीभ जागेवर होती. "माजंच. गोठ्यावर माड पडला तवा नेला व्हता, एक पेड तुटला. तुटका दोर तसाच देवाच्या दारात ठेवू? घरात व्हता तेवढा काथ्या घातला त्याला."

"आमच्या बुरोंडीला चिंधी बांधतात! माणसं मरू नयेत म्हणून!"

"तुज्या माहेरची रीत तुज्या माहेरी."

"आम्हाला बाव होऊ नये, हेच तुमच्या मनात होतं," मी म्हणाले. "आता तहानेने मेले तरी तुमच्या बावीवर पाय ठेवणार नाही." ती तुकडा तसाच हातात धरून आत निघून गेली. तिची पाठ बघून, खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी डोंगराखालच्या झऱ्यावरून पाणी आणू लागले. नवरा पुन्हा देवळात गेला, तर पडवीत खुंटीवर दुसरा दोर टांगलेला. पहिल्याहून जरा बारीक, पण भक्कम. काकीने आणून ठेवला, असं कळलं. मी म्हटलं, दोर वळणारीच्या घरी दोराला काय तोटा! तरी दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून अंगणात पसरून वीत वीत चाचपला. एके ठिकाणी किंचित झिजला होता, आणि बरोबर त्या जागी तांबडी चिंधी बांधलेली होती.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला तो टोमणा वाटला.

पुढचे दिवस जीव टांगणीला लागलेला. पाटी अर्धीच भरायची, चिंधी कप्पीपाशी आली की दम धरायचा. बोटीचा दिवस जवळ येत चाललेला. नवरा ताटावरूनही लवकर उठायचा. आणि काकी रोज येऊन दोन परसांमधल्या दगडी गडग्यावर बसायची. बोलायची नाही, नुसती दोराकडे बघत राहायची. आमचं पाणी कसं लागत नाही ते बघायला येते मेली, असं मी जाऊला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे. म्हणजे तिलाही ऐकू जाईल इतक्या.

बोटीला दोन दिवस उरले असताना खालून हाक आली. पहार बाहेर आली ती ओली. मग त्याने ओंजळ वर करून दाखवली, तांबडं गढूळ पाणी. जाऊ रडायलाच लागली. मी काठावर बसकण मारली.

काकी गडग्यावरून उतरली. पाण्याकडे तिने पाहिलंही नाही. नवरा वर येईपर्यंत थांबली, मग कप्पीवरून दोर काढून घेऊ लागली.

"काकी, तो देवळात ठेवायचाय," मी म्हटलं.

"वाडीचा दोर मी वळून देतंय. सोडणं भिजत घातलीत, येळ लागंल. ह्यो माज्या बावीचा. आता माजा मला घेऊन जाऊ दे, खालच्या वाडीतनं पाणी आणून मान मोडली माजी."

गडग्यापलीकडे तिची रिकामी कळशी आणि डोक्यावर ठेवायची चुंबळ होती. मी त्या दोराकडे पाहिलं. वर्षानुवर्षं रोज सकाळी याच दोराने मी पाणी ओढत होते. रागाने माणूस आंधळं होतं म्हणतात, माझे तर हातही आंधळे झाले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच संताप आला.

"मग सांगायचं नाही का?" मी तिच्या अंगावर ओरडलेच. "इतके दिवस बसून होतात इथे, एकदा तोंड उघडायचं नाही?"

तिने दोराची गुंडाळी खांद्यावर घेतली, चिंधी वर येईल अशी.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू त्याच दिवशी दोर आणून माज्या दारात टाकला असतास."