मोडक्या हाताच्या भाकऱ्या

मी गावी जावं असं सगळ्यांचं ठरलं होतं, फक्त माझं सोडून.

डिसेंबर लागला होता. नऊ वर्षं मी दोह्यात एसीच्या डक्टचं काम करतोय. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा आणि छताखाली चढवायचा. चार-चार मजली परांचीवर चढलो, साधं खरचटलंसुद्धा नाही. आणि पडलो कुठं, तर नजमा भागातल्या आमच्या खोलीच्या बाथरूममध्ये. कुणीतरी कपडे धुऊन साबणाचं पाणी तसंच सोडलं होतं. उजवं मनगट मोडलं, डावा घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये आणि महिनाभर जिना चढायचा-उतरायचा नाही. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. म्हणजे मी वर अडकलो तो अडकलोच.

आमचा सुपरवायझर केरळचा. माणूस वाईट नाही. फोनवर म्हणाला, "भाई, गाँव जाओ, आराम करो. ठीक होने के बाद देखेंगे." हे 'देखेंगे' मी चांगलं ओळखून होतो. माझ्या डोळ्यांदेखत दोघं असेच आरामाला गेले, त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती पास होऊन बाहेर पडेपर्यंत मला इथं टिकायचं होतं, बाकी मला काही नको होतं. मी सांगितलं, मी कुठंही जात नाही. सिक लीव्ह इथंच काढणार, हात बरा करणार आणि कामावर येणार. तो म्हणाला, "ठीक है. लेकिन पत्रा काटके दिखाना पडेगा. हाथ नहीं चला तो खलास." मी म्हटलं, दिखाएगा.

बायकोला मी खरं सांगितलं नाही. हात जरा मुरगळलाय, म्हणून स्टोअरमध्ये बसवलंय, एवढंच सांगितलं. मोडलाय म्हटलं असतं तर तिनं त्याच दिवशी परत या म्हणून धोशा लावला असता. व्हिडिओ कॉल करताना मोबाईल असा धरायचो की तिला नुसतं माझं तोंड दिसावं.

कतारमध्ये थंडी म्हटलं की गावाकडचे हसतात. त्यांनी जानेवारीत आमच्या खोलीत येऊन राहावं. बिल्डिंग उन्हाळ्यासाठी बांधलेली. खिडकीत जुना एसी बसवलेला, त्याच्या कडेच्या फटीतून उत्तरेचा वारा शीळ घालत आत यायचा. आम्ही फटीत पुठ्ठा कोंबला, वर टेप मारली, तरी टेप दोन दिवसांत सुटायची. फरशी बर्फगार. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, उन्हाचा कवडसा म्हणून नाही. आयुष्यभर लोकांना गारवा पोचवला आणि स्वतः दोन ब्लँकेटं, डोक्याला मफलर, पायात दोन-दोन मोजे घालून पडलो होतो.

खोलीत आम्ही पाच जण. बाकीचे चौघं पहाटे चारला उठून जायचे आणि संध्याकाळी सहाला परत यायचे. मधले चौदा तास मी आणि ती भिंत. पहिला आठवडा मोबाईलवर गेला. दुसऱ्या आठवड्यात मोबाईलचा वीट आला. तिसऱ्या आठवड्यात मी मोठमोठ्यानं स्वतःशी बोलायला लागलो. बोलायचो काय, तर शिव्या द्यायचो. साबणाचं पाणी सोडणाऱ्याला, सुपरवायझरला, वाऱ्याला. दिवसा झोप काढायचो, रात्री टक्क जागा. आणि त्याच दिवसांत सगळं दोहा मजेत होतं. खोलीतले शुक्रवारी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात फिरायला जायचे, समुद्रावर बसायचे, ताजे फोटो आणून मला दाखवायचे. वर्षाचे एवढेच काय ते माणसासारखे दिवस असतात इथं, आणि ते माझे असे गेले.

मी वाईट वागायला लागलो. खोलीत एक ड्रायव्हर आहे, खेडकडचा, वयानं माझ्याहून थोडा मोठा. त्याचा टॉवेल माझ्या खाटेच्या दांडीवर दिसला म्हणून मी त्याच्याशी असा भांडलो की शेजारच्या खोलीतले नेपाळी दारात येऊन उभे राहिले. एका टॉवेलासाठी. त्यानं ऐकून घेतलं. मग संध्याकाळी जेवताना खुबूस, म्हणजे इथली मैद्याची रोटी, मोडत म्हणाला, "तू रिकामा बसून येडा होणारेस रे. काय काम नाय ना तुला? मग आमच्यासाठी भाकऱ्या बडव. हे रबर खाऊन कंटाळा आला."

सगळे हसले. ज्याचा उजवा हात गळ्यात बांधलाय त्याला भाकऱ्या बडव म्हणायचं, म्हणजे चेष्टाच. शिवाय आमच्याकडं पुरुषानं भाकरी थापायची म्हणजे काय ते सांगायला नको. माझं डोकं फिरलं. म्हटलं, पीठ आणून दे, बडवतो. दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच इंडियन दुकानातून ज्वारीच्या पिठाची पिशवी आणून माझ्या खाटेवर टाकली. आता माघार घेतली असती तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

चार खोल्यांत मिळून एक किचन. सकाळी सात वाजता ते रिकामं होतं आणि संध्याकाळपर्यंत कुणी फिरकत नाही. भिंतीला धरत, एका पायावर तोल सांभाळत मी तिथं गेलो. बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो, परात मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं पीठ मळायला घेतलं. पहिल्या दिवशी सात भाकऱ्या केल्या, सातही मोडल्या. थापायला घेतली की कडेनं चिरा पडायच्या, उचलायला गेलो की हातात तुकडे. पण दुपारचे दोन कधी वाजले कळलं नाही. तीन आठवड्यांत असं पहिल्यांदा झालं होतं. गॅसजवळ ऊबही होती. तुकडे दुधात कुस्करून मीच खाल्ले आणि संध्याकाळी चौघांना सांगितलं, उद्या मिळतील.

उद्याही मिळाल्या नाहीत. परवाही नाही. चौथ्या दिवशी मी हट्टाला पेटलो आणि तिथूनच, पिठाच्या हातानं, बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल परातीतल्या तुकड्यांवर धरला.

"अगं, भाकरी चिरतीया. काय करू?"

ती अंगणात धुणं वाळत घालत होती. आधी हसली, पदर तोंडाला लावून चांगली हसली. मग तिचं हसू थांबलं. "हितं दीड वाजलाय," ती म्हणाली. "म्हंजी तिकडं अकरा. डुटीच्या टायमाला भाकरी कशी काय करताय तुम्ही?"

मी काहीतरी सुट्टीबिट्टी म्हणायला गेलो.

"उजवा हात दाखवा."

"अगं, त्यात काय बघायचंय..."

"दाखवा म्हनते न्हवं."

दाखवला. तिनं प्लास्टर बघितलं आणि फोन कट केला. पुढं चार दिवस तिनं माझा फोन उचलला नाही. मुलगी उचलायची आणि म्हणायची, "आई कामात हाय, पप्पा." माझंही टाळकं सरकलं. म्हटलं, मी इथं एकटा हाल काढतोय आणि रुसायचं हिनं? खोटं मी बोललो होतो हे तेव्हा सोयीनं विसरलो होतो.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. बरोबर अकराला. ना कसे आहात, ना काय.

"पीठ कुठलं हाय?"

"दुकानातलं. पाकिटातलं."

"मग ते शिळं असनार. इरी गेलीया त्याची, चिकटपना ऱ्हायला न्हाई. गार पान्यात मळताय व्हय? आधन ठेवा. कडकडीत पानी वता, झाकून ठेवा, सोसंल तवा मळा."

तिनं मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवला आणि तिकडं स्वतः एक भाकरी थापून दाखवली. लग्नाला वीस वर्षं झाली, घरी असलो की तिच्याच हातचं खाल्लं, पण हात कधी बघितले नव्हते. तळवा कुठं दाबतो, बोटं कुठं नुसती फिरतात, तवा तापल्यावर वरून पाणी कसं लावायचं. मी करायला लागलो की ती तिकडून ओरडायची, "अवो, थापा, मारू नका तिला." चार-पाच दिवसांनी एका भाकरीचा पापुद्रा सुटला. टम्म फुगली. मी बादलीवरून पडायचा राहिलो. ती मात्र "हां" एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी ड्रायव्हरनं पहिला घास मोडला आणि माझ्याकडं बघत बसला. मी म्हटलं, बघतोस काय, गिळ. त्यानं तीन खाल्ल्या. मग रोजच सुरू झालं. नेपाळी भाजी आणून द्यायला लागले, शुक्रवारी खालच्या मजल्यावरचे जळगावचे दोघं वर येऊन बसायला लागले. मला बाहेर जाता येत नव्हतं ना, तर मग बाहेरचे वर येऊ देत.

जानेवारीत प्लास्टर निघालं. आतून हात निघाला तो माझा वाटेना, बारीक, पांढुरका. मूठ अर्धीच मिटायची. फिजिओथेरपीच्या सिस्टरनं रबरचा चेंडू दिला, हळूहळू दाबा म्हणाली. मी विचारलं, पीठ मळलं तर चालेल का? ती हसली. म्हणाली, मऊ असेल तर चालेल, दुखलं की थांबायचं. चेंडू मी खाटेखाली ठेवून दिला. कोमट पिठात उजवा हात घातला की पहिली पाच मिनिटं डोळ्यांत पाणी यायचं, मग बोटं सुटायची. गार वाऱ्यानं सकाळी हात पुन्हा आखडलेला असायचा. मी पुन्हा पिठात घालायचो. वारा हटला नाही, मीही हटलो नाही. बायको रोज अकराला फोनवर असायची. "आज अंगठा टेकतोय का करंगळीला?" विचारायची. आधी टेकत नव्हता. फेब्रुवारीच्या मध्यात टेकला.

डॉक्टरनं फिटचा कागद दिला त्याच दिवशी मी सुपरवायझरला फोन केला. वर्कशॉपमध्ये त्यानं टेबलावर पत्रा टाकला, त्यावर मार्करनं गोल काढला आणि पत्र्याची कात्री माझ्यासमोर ठेवली. बाजूला तीन-चार जण काम थांबवून बघत होते. मी कात्री उजव्या हातात घेतली. अर्धा गोल कापून झाला तेव्हा मनगटात अशी कळ आली की दातावर दात घट्ट बसले. थांबलो असतो तर सगळ्यांना दिसलं असतं. थांबलो नाही. गोल पूर्ण कापला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं कडेवरून बोट फिरवून बघितलं. म्हणाला, "यल्ला, चलो, शनिवार से आ जाओ."

मी बाहेर आलो, भिंतीला टेकलो आणि घरी फोन लावला.

"अगं, झालं. शनिवारपासून कामावर. कापून दिला त्याला गोल."

तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

"ऐकतीयास न्हवं?"

"ऐकतीया," ती म्हणाली. "बरं झालं."

"मग असं काय बोलतीस? पोरीचं शिक्षण निघालं आता. कुणी काढू शकत नाही मला इथनं."

ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी मोडक्या भाकरीची परात दावली न्हवं, आन मग ते पलास्टर. चार दिस मला झोप न्हवती. वाटायचं, असूंदे मोडका. हात न्हाई चालला तर घरला येतील."

वर्कशॉपमध्ये पत्र्यावर हातोडे पडत होते. मी फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

"मग भाकरी शिकवलीस कशाला?" मी विचारलं.

"काय करू मग," ती म्हणाली. "तुमास्नी ऱ्हायचं हुतं."